उपग्रह पोहोचला, परवाना वाटेतच: भू-केंद्रांच्या परवान्यांविषयी नियामकांना खुले पत्र

प्रति,
देशोदेशीच्या दूरसंचार नियामक संस्था, वारंवारता-वाटप कार्यालये आणि भू-केंद्रांचे परवाने देणारे अधिकारी

महोदय, महोदया,

प्रसारण उपग्रह एका कक्षीय स्थानावरून दुसऱ्या स्थानावर हलवायचा ठरला की उपग्रहाच्या फाइलवर बारकाईने काम होते. कोणत्या देशाच्या नोंदणीखाली तो जाणार, शेजारच्या उपग्रहांशी समन्वय झाला का, हे सगळे तपासले जाते. त्याच उपग्रहाशी बोलणाऱ्या जमिनीवरच्या अँटेनांची, म्हणजे भू-केंद्रांची, फाइल मात्र वेगळ्या टेबलावर, वेगळ्या मुदतीत आणि बहुतेक वेळा उशिरा उघडते. उपग्रह नव्या जागी येऊन थांबतो आणि अपलिंकचा (जमिनीवरून उपग्रहाकडे जाणाऱ्या प्रक्षेपणाचा) परवाना मागाहून येतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. भू-केंद्रांची आखणी करणारे आणि त्यांचे परवाना-अर्ज तयार करणारे आम्ही अभियंते हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. आमची मागणी एकच आहे: उपग्रहाचे स्थलांतर आणि त्याच्या भू-केंद्रांचे परवाने यांची फाइल एकत्र चालवा आणि तिचे वेळापत्रक उपग्रहाच्या सरकण्याला बांधा.

सरकायला किती वेळ लागतो, ते आधी पाहू. भूस्थिर कक्षा जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर आहे. उपग्रह सुमारे ७८ किलोमीटर वर चढवला की तो दिवसाला एक अंश पश्चिमेकडे सरकू लागतो, तेवढाच खाली आणला तर पूर्वेकडे. सरकायला लावण्यासाठी आणि पुन्हा थांबवण्यासाठी मिळून वेगात साधारण ५.७ मीटर प्रति सेकंद इतकाच बदल पुरतो. उत्तर-दक्षिण दिशेने उपग्रह जागेवर ठेवायला वर्षाला ५० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास खर्च होतो, त्यापुढे हे इंधन किरकोळ आहे. म्हणजे ३० अंशांचे स्थलांतर महिन्याभरात सहज होते. परवान्यातल्या दुरुस्तीला तुमच्याकडे महिन्याहून जास्त लागत असेल, तर निर्णय झाल्या दिवशी अर्ज आला तरी तो उशिराच ठरणार. अर्जदाराची दिरंगाई हे त्याचे कारण नाही, दोन घड्याळे वेगळी चालतात हे आहे.

अनेक परवान्यांमध्ये भू-केंद्र कोणत्या उपग्रहाशी, कोणत्या रेखांशावर बोलणार हे एकाच ओळीत लिहिलेले असते. उपग्रह हलला की ती ओळच खोटी ठरते. अँटेना, अ‍ॅम्प्लिफायर, वारंवारता, सगळे तेच असूनही कायद्याच्या दृष्टीने केंद्र विनापरवाना होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीचे कलम १८ सांगते की सरकारच्या परवान्याशिवाय कोणतेही प्रक्षेपक केंद्र उभारता किंवा चालवता येत नाही. ते योग्यच आहे. पण परवान्यात नेमके काय बांधायचे आणि काय मोकळे ठेवायचे, हे तुमच्या हातात आहे.

स्थलांतराने जमिनीवर खरोखर काय बदलते, ते एका उदाहरणाने दाखवतो. केंद्र ४० अंश अक्षांशावर आहे. उपग्रह आधी केंद्राच्या रेखांशापासून ३० अंश दूर होता, आता ६० अंश दूर जाणार आहे. अ‍ॅझिमथ, म्हणजे अँटेनाची आडवी दिशा, सुमारे २८ अंशांनी फिरते. एलिव्हेशन, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, ३४ अंशांवरून १४ अंशांवर उतरते. कागदावर हे दोनच आकडे आहेत, पण त्यांच्या मागे तीन वेगवेगळी कामे उभी राहतात.

पहिले काम जमिनीवरच्या मायक्रोवेव्ह दुव्यांचे, म्हणजे मनोऱ्या-मनोऱ्यांमधल्या रेडिओ जोडण्यांचे. अँटेना क्षितिजाच्या दिशेने किती ऊर्जा सांडते, ते एलिव्हेशनवर ठरते. नेहमीच्या आडाख्याप्रमाणे बाजूच्या दिशेचा गेन (त्या दिशेला अँटेना किती ऊर्जा पाठवते त्याचे डेसिबलमधले माप) ३२ उणे २५ गुणिले कोनाचा लॉग असा धरला, तर ३४ अंशांवर क्षितिजाकडे उणे ६.४ डीबीआय निघतो आणि १४ अंशांवर अधिक ३.३. जवळपास १० डीबीचा, म्हणजे दहापट फरक. १७.७ ते १८.१ गिगाहर्ट्झमध्ये जमिनीवरचे दुवेही चालतात. तिथे नियमावलीच्या परिशिष्ट ७ प्रमाणे काढलेली समन्वयाची हद्द त्या दिशेने पसरते आणि आधी हद्दीबाहेर असलेले दुवे आत येतात. हा हिशेब नव्याने व्हायलाच हवा, त्यात सूट कोणी मागू नये. उलट, एलिव्हेशन २० वरून ४० अंशांवर गेले, नव्या अ‍ॅझिमथच्या दिशेला कोणताही दुवा नाही आणि पॉवर तीच आहे, तर नवा समन्वय कशासाठी? दोन्ही प्रकरणांना आज एकच फॉर्म आणि एकच मुदत लागते. यात खऱ्या धोक्याच्या फाइलला वेळ कमी पडतो आणि निरुपद्रवी फाइल अडून राहते.

दुसरे काम माणसांच्या सुरक्षेचे. ९ मीटरच्या अँटेनाला ५०० वॅट दिले, तर तिच्या जवळच्या क्षेत्रात किरणाची घनता कमाल सुमारे १९ वॅट प्रति चौरस मीटर होऊ शकते. आंतरराष्ट्रीय शिफारशीतली सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा १० आहे. किरण आकाशाकडे असतो तोवर प्रश्न नाही. पण केंद्रापासून २०० मीटरवर इमारत असेल, तर ३४ अंशांवर किरणाचा मध्य तिच्या जागी १३७ मीटर उंचीवरून जात होता, १४ अंशांवर तो ५० मीटरवर येतो. त्या इमारतीची गच्ची किती उंच आहे, हा प्रश्न पहिल्या अर्जात कोणाला पडलाच नव्हता. दुरुस्तीच्या अर्जात किरणोत्सर्गाचा जुना अहवाल जसाच्या तसा जोडला जातो आणि तो कोणी उघडून पाहत नाही. कृपया पाहा.

तिसरे काम यांत्रिक, ते अर्जदाराचे आहे, पण परवान्याच्या तारखांवर त्याचा परिणाम होतो. बऱ्याच मोठ्या अँटेनांची मोटरवरची चाल मर्यादित असते. २८ अंश अ‍ॅझिमथ त्या पट्ट्याबाहेर गेला तर जॅक सोडवून पाया-चौकटीवर अँटेना हलवावी लागते, केबल आणि वेव्हगाइड पुन्हा बसवावे लागतात. रेषीय पोलरायझेशन (लहरीच्या कंपनाची दिशा ठरलेली) असेल तर फीडही, म्हणजे अँटेनाच्या केंद्रातले प्रक्षेपक तोंडही, फिरवावा लागतो, वरच्या उदाहरणात साधारण १५ अंश. तो तसाच ठेवला तर विरुद्ध पोलरायझेशनवरचे वेगळेपण ११ डीबीवर येते. पाच अंशांची चूक राहिली तरी ते २१ डीबीच भरते, एका अंशाच्या चुकीवर ३५ डीबी. शेजारच्या ट्रान्सपॉन्डरवर (आलेला अपलिंक पुन्हा खाली पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या यंत्रावर) दुसऱ्याचे चॅनल चालू असताना ११ डीबी म्हणजे उघड उघड धिंगाणा. वर्तुळाकार पोलरायझेशनला फीड फिरवायची गरज नाही, पण नव्या स्थानावर डावे-उजवे उलटे लागू शकते, आणि परवान्याच्या तक्त्यातला तो एक रकाना हमखास जुनाच राहतो.

शेजाऱ्यांचा हिशेब वेगळा. जुन्या स्थानावर सर्वांत जवळचा प्रसारण उपग्रह ९ अंशांवर होता आणि नव्या ठिकाणी ३ अंशांवर आहे, असे झाले तर नव्या अँटेनांसाठीच्या कडक आडाख्यानेही (२९ उणे २५ लॉग) शेजाऱ्याच्या दिशेचा गेन ५ वरून १७ डीबीआयवर जातो. इथेही १२ डीबी. जुन्या जागी निर्धोक असलेली पॉवर नव्या जागी समन्वय-करार मोडते. तो करार दोन प्रशासनांनी केलेला असतो, त्यातली अक्षाबाहेरच्या (मुख्य दिशेबाहेर सांडणाऱ्या) ईआयआरपीची, म्हणजे प्रभावी प्रक्षेपण-पॉवरची, मर्यादा उपग्रहाच्या फाइलमध्ये असते आणि भू-केंद्राचा परवाना लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत ती पोहोचत नाही. पाणी मुरते ते इथे. दोन्ही फाइली एकत्र चालवा असे आम्ही म्हणतो त्यामागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

स्थलांतर एका रेडिओ-प्रदेशातून दुसऱ्यात होत असेल तर गुंता वाढतो. प्रसारण उपग्रहांची योजना नियमावलीच्या परिशिष्ट ३० मध्ये आणि त्यांच्या अपलिंकची परिशिष्ट ३०ए मध्ये आहे. प्रदेश १ मध्ये (मुख्यतः युरोप आणि आफ्रिका) अपलिंक १७.३ ते १८.१ आणि डाउनलिंक (उपग्रहाकडून जमिनीकडे) ११.७ ते १२.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे दोघांत ५.६ चा फरक. प्रदेश २ मध्ये (अमेरिका खंड) १७.३ ते १७.८ आणि १२.२ ते १२.७, म्हणजे ५.१ चा. हा फरक उपग्रहाच्या आतल्या ऑसिलेटरने ठरतो आणि उड्डाणानंतर तो सहसा बदलता येत नाही. प्रदेश २ साठी बांधलेला उपग्रह प्रदेश १ मध्ये नेला आणि त्याच्याकडून १२.३ गिगाहर्ट्झ हवे असेल, तर योजनेच्या जोडीप्रमाणे अपलिंक १७.९ यायला हवी. उपग्रह मात्र १७.४ वरच ऐकतो. शिवाय १२.५ ते १२.७ हा त्याचा वरचा भाग प्रदेश १ च्या प्रसारण-योजनेत बसतच नाही. अर्जदाराने योजनेचा तक्ता पाहून १७.९ लिहिले आणि तुम्ही ते मंजूर केले, तर कागद निर्दोष आणि केंद्र निकामी. अर्जात उपग्रहाची प्रत्यक्ष भाषांतर-वारंवारता (अपलिंक आणि डाउनलिंक यांतला हा फरक) वेगळ्या रकान्यात मागा. एका आकड्याने ही चूक पकडली जाते.

आता प्रवासातल्या दिवसांविषयी. ट्रान्सपॉन्डर बंद करून उपग्रह सरकत असताना त्याच्याशी फक्त टेलिमेट्री (उपग्रहाच्या स्थितीची माहिती), टेलिकमांड (जमिनीवरून दिलेल्या आज्ञा) आणि अंतरमापन चालते. नियमावलीच्या २२.१ प्रमाणे उपग्रहाचे उत्सर्जन टेलिकमांडने तत्काळ बंद करता आलेच पाहिजे, म्हणून हा दुवा एक तासही तुटता कामा नये. पण भू-केंद्राच्या परवान्यात लिहिलेला असतो जुना रेखांश किंवा नवा. मधल्या तीस अंशांत केंद्र कोणत्या परवान्यावर कमांड पाठवते? बहुतेक ठिकाणी याला तात्पुरत्या परवानगीने ठिगळ लावतात, आणि वाटेत थ्रस्टरच्या बिघाडाने प्रवास लांबला की परवानगी आधी संपते. त्या क्षणी कमांड थांबवणे हा सर्वांत धोकादायक पर्याय असतो.

वाटेत इतरांचे उपग्रहही असतात. दिवसाला एक अंश या वेगाने दुसऱ्याच्या अधिक-उणे ०.१ अंशाच्या चौकटीतून जायला पाच तासांच्या आसपास लागतात. अंतराळात दोघांत ७८ किलोमीटरची उंची असते, टक्कर होत नाही. जमिनीवरच्या अँटेनाला मात्र ते दोघे एकाच रेषेत दिसतात. ९ मीटरच्या अँटेनाचा किरण १७.५ गिगाहर्ट्झला सुमारे ०.१३ अंश रुंद असतो, तोही त्यांना वेगळे करू शकत नाही. दोघांच्या कमांड-वारंवारता जवळ असतील, तर त्या काही तासांत कोण कधी कमांड देणार हे आधी ठरलेले हवे. परिशिष्ट ३० आणि ३०ए च्या कलम २ए नुसार रक्षक-पट्ट्यांतली (योजनेच्या कडेला मोकळ्या ठेवलेल्या वारंवारतांतली) जागा अशा संचालन-कामांसाठी वापरता येते, आणि अनेक उपग्रह तीच वापरतात. म्हणून गर्दीही तिथेच होते.

प्रवासात ट्रान्सपॉन्डर चालू राहिले तर काय होते, हे २०१० मध्ये जगाने पाहिले. गॅलेक्सी १५ या उपग्रहाने एप्रिलमध्ये कमांड ऐकणे सोडले, पण त्याचे सी-बँड ट्रान्सपॉन्डर चालूच राहिले आणि तो पूर्वेकडे सरकू लागला. वाटेत जो अपलिंक त्याच्या कानावर पडेल तो तो पुन्हा खाली पाठवणार, अशी स्थिती होती. शेजाऱ्यांनी मोठ्या अँटेनांवरून अपलिंक करून आणि उपग्रहांच्या जागा काळजीपूर्वक सांभाळून आपल्या सेवा वाचवल्या. डिसेंबरमध्ये तो पुन्हा ताब्यात आला. तो प्रसंग निभावला तो जमिनीवरच्या केंद्रांमुळे. आपल्या परवान्यातली अँटेना, पॉवर आणि दिशा काही दिवसांत बदलता येतील अशी सोय असेल, तरच केंद्रांना असे करता येते.

म्हणून परवान्याची रचना आम्हाला अशी हवी आहे. टेलिकमांड केंद्राच्या परवान्यात एका रेखांशाऐवजी मार्ग लिहावा: सुरुवात, शेवट, कमाल वेग, कमांडची वारंवारता, कमाल ईआयआरपी आणि किमान एलिव्हेशन. नियमावलीत प्रक्षेपणासाठी सर्वसाधारण किमान एलिव्हेशन ३ अंश आहे. उपग्रह त्याखाली जाईल तिथे दुसऱ्या केंद्राने ताबा घ्यायचा, आणि त्या दुसऱ्या केंद्राचा परवाना, तो दुसऱ्या देशात असला तरी, प्रवास सुरू होण्याआधी हातात असला पाहिजे. परवानगीची मुदत तारखेला नव्हे, उपग्रह स्थिर झाल्याच्या सूचनेला बांधावी. सोबत दर आठवड्याचा अंदाजित स्थान-तक्ता आणि प्रत्येक शेजाऱ्याजवळून जाण्याची वेळ सादर करण्याची अट घाला. आम्ही ती आनंदाने पाळू.

अपलिंक केंद्राला स्थलांतरापूर्वीच दोन स्थानांचा परवाना द्यावा: जुन्या स्थानाचा चालू आणि नव्या स्थानाचा सशर्त. अटी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दाखल झाले की सशर्त परवाना आपोआप लागू व्हावा. त्या अटींत वर सांगितलेले सगळे येते: क्षितिजाच्या गेनचा नवा हिशेब, शेजाऱ्यांशी झालेल्या कराराची मर्यादा, किरणोत्सर्गाचा नवा अहवाल, भाषांतर-वारंवारता. क्षितिजाचा गेन वाढत नसेल, अक्षाबाहेरची घनता कराराच्या आत असेल आणि वारंवारता बदलत नसतील, तर पूर्वमंजुरी न मागता फक्त सूचना पुरेशी माना. जिथे यातले काहीही वाढते, तिथे खुशाल पूर्ण छाननी करा. अमेरिकेच्या नियामकाने १९९९ पासून मान्य उपग्रहांची यादी ठेवून भू-केंद्रांना त्यातल्या कोणाशीही बोलायची मुभा दिली आणि प्रत्येक उपग्रहामागे वेगळा अर्ज टाळला. प्रसारण-योजनेतल्या अपलिंकला ती कल्पना जशीच्या तशी लागू होणार नाही, पण उपग्रहाची छाननी एकदाच करायची हे तत्त्व लागू होते.

चाचणीचा टप्पा परवान्यात वेगळा नोंदवा. उपग्रह थांबल्यावर सेवा लगेच सुरू होत नाही. आधी कमी पॉवरवर साधा, मॉड्युलेशन नसलेला कॅरियर (माहिती न भरलेली नुसती रेडिओ लहर) चढवतात, विरुद्ध पोलरायझेशनमध्ये तो किती गळतो ते मोजतात, फीड नीट करतात, मग टप्प्याटप्प्याने पॉवर वाढवतात, शेवटी मॉड्युलेशन आणि कॅरियरची ओळख-खूण. शेजाऱ्याच्या नियंत्रण-कक्षाशी फोन चालू ठेवूनच हे करतात. अनेक परवान्यांत फक्त मॉड्युलेट केलेल्या कॅरियरचीच नोंद असते, त्यामुळे चाचणीचा पहिला आणि सर्वांत सुरक्षित टप्पाच तांत्रिकदृष्ट्या बेकायदा ठरतो. एका ओळीची दुरुस्ती पुरेल.

राखीव केंद्राला विसरू नका. १७ गिगाहर्ट्झला जोरदार पावसात अपलिंक कोसळते, म्हणून दूरवर दुसरे केंद्र ठेवलेले असते. मुख्य केंद्राची दुरुस्ती मंजूर होते आणि राखीव केंद्र जुन्या रेखांशावरच राहते. त्याचा पत्ता लागतो तो पहिल्या मोठ्या पावसात, कोट्यवधी घरांचे पडदे काळे झाल्यावर.

जुन्या स्थानाचे काय, हा शेवटचा मुद्दा. नोंदलेल्या वारंवारतांचा वापर सहा महिन्यांहून जास्त थांबला तर संघाच्या रेडिओ ब्युरोला कळवावे लागते आणि थांबल्या तारखेपासून तीन वर्षांत तो पुन्हा सुरू करावा लागतो. नव्या स्थानावर उपग्रह सलग ९० दिवस टिकला की वापर सुरू झाला असे मानतात आणि पुढच्या ३० दिवसांत ते कळवायचे असते. एकच उपग्रह फिरवून अनेक स्थाने धरून ठेवण्याच्या प्रकाराला आळा बसावा म्हणून २०१५ च्या जागतिक परिषदेने ठराव ४० केला, तेव्हा त्या उपग्रहाचा आधीचा प्रवासही सांगावा लागतो. या तारखा तुमच्याच कार्यालयातून जातात. भू-केंद्राचा जुन्या स्थानाचा परवाना मात्र उपग्रह निघाल्या दिवशी रद्द होतो. बदली उपग्रह दीड वर्षाने आला की शून्यापासून अर्ज करावा लागतो, आणि तोवर त्या दिशेला कोणी नवा मायक्रोवेव्ह दुवा मंजूर करून घेतलेला असतो. परवाना रद्द करू नका, स्थगित ठेवा, तेवढ्याच तीन वर्षांसाठी, आणि त्याची समन्वयातली जागा राखून ठेवा. मुदतीत उपग्रह आला नाही तर तो आपोआप संपू द्या.

उपग्रह वयस्क असेल आणि इंधन वाचवण्यासाठी उत्तर-दक्षिण राखण थांबवणार असतील, तर तेही याच अर्जात विचारा. त्याची कक्षा वर्षाला ०.७५ ते ०.९५ अंशांनी कलते आणि तो रोज वर-खाली आठच्या आकारात फिरू लागतो. ६० सेंटिमीटरच्या घरगुती डिशचा किरण सुमारे ३ अंश रुंद असल्याने पहिल्या वर्षी तिला दीड डीबीहून जास्त फटका बसत नाही. ९ मीटरच्या अपलिंक अँटेनाला मात्र माग काढणारी यंत्रणा लागते, आणि परवान्यात स्थिर अ‍ॅझिमथ-एलिव्हेशनऐवजी दोन्हींची कमाल-किमान मर्यादा लिहावी लागते. क्षितिजाच्या गेनचा हिशेब त्या मर्यादेतल्या सर्वांत खालच्या एलिव्हेशनवर करायचा, सरासरीवर नाही.

आपले,
भू-केंद्रांची आखणी, समन्वय आणि परवाना-अर्जांचे काम करणारे अभियंते